सात पट्ट्या

विट्यात आमच्या घराची मागची भिंत
आणि मागांच्या शेडची पुढची भिंत एकच आहे.
म्हणजे मी गिटार शिकले ती आठ यंत्रमागांच्या ठोक्यावर.
ताल कुठला, कुणी विचारलं नाही.

कोल्हापुरातून सेकंडहँड आणलेली इक्वलायझरची डबी,
बोटाएवढ्या सात पट्ट्या, सात खाचा:
शंभर, दोनशे, चारशे, आठशे,
सोळाशे, बत्तीसशे, चौसष्टशे,
दुपटीच्या पाढ्यासारख्या चढत गेलेल्या.
पहिल्या दिवशी मी सगळ्याच वर सरकवल्या.
आवाज मोठा झाला,
बाकी होता तसाच राहिला.

कापायला शिकायला आख्खा उन्हाळा गेला.
दोनशेला गाळ असतो, विहिरीच्या तळाचा;
तो उपसला की जाड तार मोकळी बोलते.
आठशेला नाक.
बत्तीसशेला दात.
धोट्याच्या खटक्याच्या जरा वर,
मोटारीच्या घुमण्यापासून बरंच लांब,
मागांनी सोडलेल्या चिंचोळ्या पट्टीत
मी माझी गिटार बसवली,
एसटीत तिसऱ्या सीटवर चौथ्यानं बसावं तशी.
वाटलं, सापडला आपला टोन.

शुक्रवारी मागांना सुट्टी.
पट्टे गप्प, कांड्या टोपलीत,
शेडमध्ये फक्त सुताची उडती लव.
मी तोच टोन लावला, एक पट्टी हलवली नाही,
आणि पत्रा कापल्यासारखा आवाज घरभर चिरत गेला.
आईनं परात खाली ठेवली.
तांबोळ्यांची शेळी उठून उभी राहिली.
आठवडाभर मी ऐकत होते
ती एकटी गिटार नव्हतीच;
तिचं अंग भिंतीपलीकडून येत होतं.

अण्णा मात्र दारात उभे,
हातातला चहा तसाच.
म्हणाले, "आज आलं बघ ऐकू. लई ग्वाड."

एकतीस वर्षं मागावर.
सांगलीच्या गुळवणीबाईंनी मागं
त्यांच्या कानांचा आलेख काढून दिला होता.
गॅसच्या पुस्तकात घडी करून ठेवलेला तो कागद
मी काढला, डबीशेजारी उलगडला.
रेघ दोन हजारांपर्यंत सपाट चालत येते,
मग भिवघाट उतरावा तशी खाली,
चार हजारांपाशी तळ,
पुढं थोडी धडपडत वर.
आता जिथं रेघ खाली, तिथं पट्टी वर न्यायची,
म्हणून हात पुढं केला
तर पट्ट्या आधीच तशा होत्या.
जवळजवळ तंतोतंत.

मी बराच वेळ काही वाजवलं नाही.

"आईला तरास होतोय का? मग कर की कमी," अण्णा म्हणाले,
"मला हातानं कळतंय."
आणि अॅम्पच्या लाकडी पेटीवर त्यांनी तळवा ठेवला,
मागाच्या सांगाड्यावर ठेवतात तसा,
कुठला बोल्ट सैल, ते विचारायला.
मी बत्तीसशे खाली आणली.
शंभर वर.
जाड तार छेडली.
"हां."
पुन्हा छेडली.
"थांब. ह्यात काहीतरी हलतंय, केतके."
मला नाही ऐकू आलं. आईलाही नाही.
त्यांनी पेटी फिरवली,
चष्मा कपाळावर नेला,
मागच्या जाळीचा डावीकडचा स्क्रू
खिशातल्या पान्यानं दीड फेरा आवळला.
महिनाभर मी दोनशेची पट्टी
उगाच खाली दाबत होते.

संध्याकाळी पट्ट्यांशेजारी खुणा केल्या:
शुक्रवारची निळ्या खडूनं,
बाकी दिवसांची पांढऱ्या.
दोन्हींच्या मध्ये एक जागा राहिली आहे,
साधारण नखाएवढी,
तिथं आई म्हणते तसं लागतं कधी कधी.
अजून खूण केलेली नाही.

शनिवारी सातला खटका पडला.
आठ माग एकदम सुरू झाले,
भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायला लागलं.
अण्णा शेडकडे निघाले,
जाता जाता पेटीवर हात टेकवून.